टाकलेला शब्द

धाकट्या जावेसाठी दुकानात शब्द टाकला तो थोरलीनेच. ते आठवलं की तिला स्वतःचीच जीभ चावावीशी वाटायची.

दुकान परदेशातलं, कपडे दुरुस्तीचं. पँटी आखूड करायच्या, कोटाचं अस्तर बदलायचं, बिघडलेल्या चेना काढून नव्या बसवायच्या. पुढे काउंटर आणि आरसा, मध्ये जाड पडदा, पडद्यामागे दोन मशीन आणि वाफेची इस्त्री. मालकीण तिथलीच, म्हातारी, गळ्यात सदा मापाची टेप. दोघी जावा आपसात तिला टेपबाई म्हणायच्या. टेपबाईचे गुडघे आता तिला उभं राहू देत नव्हते. काउंटर कुणाच्या तरी हाती द्यायला हवा, असं ती म्हणू लागली होती, आणि त्या ‘कुणाच्या तरी’मध्ये थोरलीला स्वतःशिवाय कुणी दिसत नव्हतं. इतकी वर्षं ती पडद्यामागून पुढचे आवाज ऐकत आली होती. माणसं आरशासमोर स्वतःच्या पोटाला नावं ठेवून हसायची. थोरलीच्या वाट्याला त्यांच्या पँटी यायच्या.

तिथली भाषा तिने घासूनपुसून घेतली होती. अगदी नवीन असताना एकदा घरी निघताना ती सवयीने ‘येते’ म्हणाली होती, पण तिथल्या भाषेत. टेपबाई दार उघडं धरून थंडीत ताटकळली. ही परत कशाला येणार, तिला कळेना. दुसऱ्या दिवशी खुलासा झाला तेव्हा थोरलीचे कान तापले. तेव्हापासून तो शब्द तिने टाकूनच दिला. निरोपाचा तिथला शब्द घोटून घोटून पाठ केला. पुढे घरीसुद्धा ती ‘निघते’ म्हणू लागली. ‘तू अगदी आमच्यासारखी बोलतेस,’ असं टेपबाई एकदा म्हणाली होती. ते वाक्य थोरलीने दागिन्यासारखं जपलं होतं.

मग धाकटी आली, आणि पहिल्याच संध्याकाळी तिथल्या मोडक्या भाषेत ‘येते’ म्हणून निघून गेली.

“काल तू येते म्हणालीस,” सकाळी टेपबाई म्हणाली. “मी दुकान बंद करायची थांबले.”

धाकटी ओशाळली नाही. क्रियापदं उलटीपालटी टाकत, हातवारे करत तिने सांगितलं, “आमच्यात जाते म्हणत नाहीत. जाते म्हटलं की माणूस गेलाच. म्हणून येते.” मग पडद्याकडे बोट केलं. “आणि आम्ही दोघी एकमेकींच्या कोण? जाऊ. जाऊ म्हणजे आमच्या भाषेत ‘जायचं का?’ म्हणून आम्हाला तर दोनदा येते म्हणायला पाहिजे.”

टेपबाई इतकी हसली की तिला खुर्ची धरावी लागली. काही दिवसांत ती स्वतःच संध्याकाळी ‘येते’ म्हणून निघू लागली. नेहमीची गिऱ्हाइकंही म्हणू लागली. एक कोटवाला तर नुसता ‘येतो’ म्हणायला डोकावून जायचा.

पडद्यामागे थोरलीचं मशीन तडतडत राहायचं. शब्द तिचा होता. तिने लाजून टाकला, हिने तो उचलला आणि अंगावर घालून मिरवायला लागली.

“तूच चिकटवलीस ना तिला?” नवरा घरी म्हणाला.

“चिकटवली खरी.”

“मग तोंड का असं?”

“ॲसिडिटी.”

“दूध घे थोडं,” नवरा म्हणाला आणि कूस बदलून मोकळा झाला.

दुसऱ्या दिवशी पडद्यापलीकडून टेपबाईचा आवाज आला, “तुला माप घेता येतं का गं?” प्रश्न धाकटीला होता. थोरलीच्या मशीनची सुई कटकन मोडली.

त्या संध्याकाळी घरी दोघी वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होत्या.

“तुला वाईट वाटेल म्हणून बोलले नव्हते,” थोरली म्हणाली. “दुकानात हसतात तुला.”

“हसू देत की, जाऊबाई. तेवढीच करमणूक.”

“तसं नाही. तुझ्या बोलण्याला हसतात. तू पडदा ओलांडलास की नकला करतात.”

धाकटीच्या हातातला टॉवेल अर्ध्या घडीवर थांबला. “खरंच?”

“मी कशाला खोटं सांगू?”

धाकटीने टॉवेलची घडी पुरी केली. मग म्हणाली, “बरोबर कसं म्हणायचं, शिकवा मला.” थोरलीने निरोपाचा शब्द शिकवला. धाकटीला तो पहिल्याच खेपेला नेमका उच्चारता आला, आणि तेही थोरलीला बोचलं.

दुसऱ्या संध्याकाळी धाकटीने चोख निरोप घेतला.

“हे काय नवीन?” टेपबाईने विचारलं.

“हेच बरोबर आहे,” धाकटी मान खाली घालून म्हणाली.

मग ती पडद्यापुढे फारशी आलीच नाही. काही विचारलं तर आधी मनात वाक्य जुळवायची, आणि ते जुळेपर्यंत समोरचा दुसरीकडे वळलेला असायचा. कोटवाल्याने डोकावणं सोडलं. टेपबाईने काही दिवस वाट पाहिली, मग गळ्यातली टेप काढून थोरलीच्या हातात दिली. “तू चोख आहेस. तुझ्यामागे मला काही बघावं लागणार नाही.”

थोरलीने टेप गळ्यात अडकवली. आरशात ती छान दिसत होती.

टेपबाईने आपली खुर्ची मात्र फरफटत पडद्यामागे नेली. “मला बसायला जागा हवी ना,” ती म्हणाली. “शिवाय या मुलीचं काहीतरी बिनसलंय. विचारते जरा.”

आधी नुसतं मशीन ऐकू यायचं. मग मध्येच थांबणारं मशीन. मग कुजबुज. एके दिवशी थोरली तोंडात टाचण्या धरून, गुडघ्यांवर बसून एका गिऱ्हाइकाची पँट दुमडत होती, तेव्हा आतून टेपबाईचा आवाज आला. ती ‘नणंद’ म्हणायला शिकत होती. ‘ण’ काही केल्या जमत नव्हता. “जीभ वर न्या, वर,” धाकटी मराठीतच सांगत होती, आणि दोघी खिदळत होत्या.

“आत काय चाललंय?” मान लांब करून, आधीच हसायला लागत गिऱ्हाइकाने विचारलं.

थोरलीने तोंडातल्या टाचण्या काढल्या.

“काम,” ती अगदी शुद्ध उच्चारात म्हणाली, आणि पँटीची दुमड पुन्हा उलगडली, कारण ती वाकडी गेली होती.