आई पाहुणीला सोडायला गेली

मामाची गाडी ऐन त्या रविवारी गॅरेजात गेली, म्हणून आम्ही अजिंठ्याला बसनं निघालो. जायचं होतं मुलगी पाहायला. पाहणारा मी, आणि मला बस लागते. लहानपणापासून लागते. बसच्या सीटचा नुसता वास आला तरी पोटात कालवायला लागतं.

"गाडी नीट झाल्यावर जाऊ की पुढच्या रविवारी," मी म्हणालो.

"त्यांनी पोहे भिजवले असतील," मामा म्हणाला. "एका उलटीपायी सोयरीक लांबवतो का?"

आईनं माझ्या खिशात दोन लिंबं आणि आवळासुपारीची पुडी कोंबली, गिरणीला कुलूप लावलं आणि आम्ही स्टँडवर आलो. गिरणी पिठाची. वडील गेले तेव्हा मी दुसरीत होतो. गावाकडची जमीन बटईनं देऊन आई मला घेऊन संभाजीनगरला आली आणि पुंडलिकनगरात घराच्या पुढच्या खोलीत तिनं गिरणी टाकली. माझं सगळं शिक्षण त्या गिरणीवर झालं. लग्न, दवाखाना आणि मयत सोडून आई दुसऱ्या कुठल्या कारणानं गावाबाहेर गेलेली मला आठवत नाही.

बसमध्ये तिघांच्या बाकावर मी खिडकीशी बसलो, आई कडेला. मामा मागच्या बाकावर. मधली जागा रिकामी होती. बस हलता हलता एक बाई चढली. साठीच्या पुढची, गोरी, पांढरे केस पोरांसारखे बारीक कापलेले, आणि उंची एवढी की छताला डोकं लागू नये म्हणून ती मान वाकडी करून उभी राहिली. पाठीवर ज्वारीच्या पोत्याएवढी बॅग. ती बॅग वळवताना तिनं एकाची टोपी पाडली आणि दुसऱ्याचा चष्मा.

"या बाई, बसा इथं," आई म्हणाली आणि तिला हाताला धरून मधल्या जागेवर बसवलं.

कंडक्टर आला. बाईनं "अजंता" म्हणून पैसे पुढं केले.

"अर्धं तिकीट द्या त्यांना," आई म्हणाली. "बाईमाणसाला अर्धं असतंय."

"मावशी, ते आपल्या बायकांना."

"मग ही काय बाप्या हाय का?"

कंडक्टरनं बाईकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं, त्याला बराच वेळ लागला, आणि गुपचूप अर्धं तिकीट काढून दिलं.

मग आईनं माझ्यामार्फत तिची चौकशी सुरू केली. बाई पोलंडची होती. शाळेत पीटी शिकवायची, आता निवृत्त. नवरा वारलेला, दोन मुली, चार नातवंडं. घरातून निघाली होती ती आशियाच्या पार त्या टोकाच्या समुद्रापर्यंत जायला, आणि तेसुद्धा फक्त बसनं. तुर्कस्तान, इराण, पाकिस्तान असं करत करत ती आमच्या बाकापर्यंत आली होती.

मी हे सगळं आईला सांगितलं. आईनं बाईकडे नीट वळून पाहिलं. मग म्हणाली, "जेवली का म्हणावं."

फुलंब्री मागं पडली आणि माझ्या तोंडाला पाणी सुटायला लागलं. लिंबू हुंगलं, सुपारी चघळली, डोळे मिटले. उपयोग झाला नाही. पण मी तोंड उघडायच्या आत पोलंडच्या बाईनं कुठूनशी एक पिशवी काढून माझ्या हनुवटीखाली धरली होती. इतक्या डोंगरांतल्या इतक्या बसमधून आल्यावर शेजाऱ्याचा चेहरा तिला वाचता येत असावा. तरी थोडं शर्टावर उडालंच. पांढरा शर्ट होता, खास आजच्यासाठी घेतलेला.

"आता रे काय करायचं?" मामा मागून म्हणाला. "बनियनवर जातो का मुलगी बघायला?"

बाईनं बॅग उघडली आणि एक टी-शर्ट काढून माझ्या अंगावर टाकला. भगभगीत नारिंगी, स्वच्छ धुतलेला. छातीवर एका बकरीचं चित्र आणि खाली त्यांच्या भाषेत काहीतरी लिहिलेलं. मला सैल होत होता. दुसरा इलाज नव्हता, म्हणून तो घातला.

अजिंठा गाव आलं. कंडक्टर "अजिंठा, अजिंठा" ओरडला आणि आम्ही उतरलो. बस गेल्यावर वळून बघतो तर ही बाई पोतं पाठीवर घेऊन आमच्या मागं उभी. लेण्या कुठं आहेत म्हणून इकडंतिकडं बघत होती. गाव अजिंठा वेगळं आणि लेण्या वेगळ्या, त्या पुढं घाट उतरून, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. पुढच्या बसला वेळ होता आणि ऊन मी म्हणत होतं.

"चला आमच्यासंगं," आई म्हणाली. "पोहे खा, मग जा."

"अगं, मुलगी बघायला चाललोय आपण," मी म्हणालो.

"मग? तिनं काय डोळे मिटून बसायचं का?"

मुलीचं घर स्टँडपासून जवळच होतं. मुलीचे वडील आणि काकू दारात उभे होते. त्यांनी आधी मामाला नमस्कार केला, मग आईला, मग माझ्या छातीवरच्या बकरीकडे पाहिलं, आणि मग नजर वर वर नेत पोलंडच्या बाईच्या चेहऱ्यापर्यंत नेली. बाईनं हात जोडून नमस्कार केला आणि वाकता वाकता बॅगेनं दाराचं तोरण तोडलं.

सगळे बसलो. काकूंनी पाणी फिरवलं. शेवटी मुलीच्या वडिलांनी मामाला हळूच विचारलं, "ह्या पाव्हण्या कोण म्हणायच्या?"

"ह्या व्हय? ह्या आपल्यातल्याच," मामा म्हणाला. त्याला पाहुणचार दाखवायचा होता.

"म्हणजे मुलाच्या कुणी लागतात का?"

मामाला डाव्या कानानं कमी ऐकू येतं आणि मुलीचे वडील डावीकडे बसले होते. बाईचा पुढचा मुक्काम कुठं, असं त्यांनी विचारलं असं त्याला वाटलं. "तसं अजून काय ठरलं नाय," तो म्हणाला. "पण होईल."

काकू ताडकन उठून आत गेल्या. आतून कुजबूज ऐकू आली. मग त्या बाहेर आल्या, पदर खोचला आणि सरळ आईलाच विचारलं, "ताई, एक स्पष्ट विचारते, राग मानू नका. मुलाचं आधी परदेशात लग्न झालंय का? ही सासू हाय का त्याची? तिचे कपडे अंगात हायेत त्याच्या, म्हणून विचारलं."

आईला हसू आवरेना. ती पदर तोंडाला लावून हसायला लागली, ते बघून पोलंडची बाईही हसायला लागली, का ते न कळताच. मी खुलासा करायला तोंड उघडलं, पण खुलाशात उलटी येत होती आणि ती कुठल्या शब्दात सांगावी ते सुचेना.

तेवढ्यात मुलगी पोहे घेऊन आली. ती सिल्लोडला एका औषधाच्या दुकानात फार्मसिस्ट होती. तिनं ट्रे ठेवला, सगळ्यांकडे एकदा बघितलं आणि बाईशेजारी बसून तिच्याशी इंग्रजीत बोलायला लागली. दोघींचं काय चाललंय ते बाकीच्यांना हातवाऱ्यांवरून कळत होतं. बाईनं बस दाखवली, खिडकी दाखवली, माझ्याकडे बोट केलं, गाल फुगवले आणि अख्ख्या बैठकीसमोर माझ्या उलटीची हुबेहूब नक्कल केली. आवाजासकट.

काकूंनी हातातली पोह्याची बशी खाली ठेवली.

"सासू नाहीत त्या," मुलगी वडिलांना म्हणाली. "बसमधल्या आहेत. ह्यांना बस लागली म्हणून शर्ट दिला." मग तिनं बाईला शर्टाकडे बोट करून काहीतरी विचारलं. बाईनं अभिमानानं छातीवर हात ठेवून एकेक शब्द सांगितला. मुलगी खाली बघून ओठ दाबत राहिली.

"काय लिहिलंय?" वडिलांनी विचारलं.

"जगातली एक नंबर आजी."

मी तिथंच बसून होतो. उठून जाणार तरी कुठं? जायलाही बसच होती. मुलीनं मला त्या दिवशी विचारलेला प्रश्न एकच. "गोळी कधी घेता?"

"उलटी झाल्यावर."

"निघायच्या आधी घ्यायची असते," ती म्हणाली आणि आत जाऊन गोळ्यांची पट्टी घेऊन आली. पत्रिकेचं काही बोलणं झालं नाही, पगाराचं झालं नाही.

पोहे झाल्यावर बाईला लेण्यांच्या बसमध्ये बसवायचं ठरलं. आई तिला सोडायला स्टँडपर्यंत गेली. बराच वेळ परतली नाही. मामा बघून आला. "अक्का बसमध्ये चढली," तो म्हणाला. "म्हणती, इतकी वर्षं इथं राहून लेण्या बघितल्या नाय, येते बघून."

संध्याकाळी दोघी परत आल्या. आईच्या अंगात पाहुणीचा रेनकोट होता, सांज गार झाली म्हणून, आणि तो तिच्या टाचांना लागत होता. पाहुणी आमच्याबरोबरच संभाजीनगरला आली आणि दोन दिवस राहिली. तिसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर आईनं माझी कॉलेजची सॅक भरायला घेतलेली.

"हिला नागपूरपर्यंत सोडून येते," आई म्हणाली. "तिकडं तुझी मावशी हायच."

"आई, ती पोलंडहून आलीय. तिला नागपूर सापडेल."

"एकटी बाई हाय. बरं दिसतंय का ते?"

दोघी आपापल्या भाषेत बोलायच्या. आई मराठीत, पाहुणी तिच्या. मी भाषांतर करायला गेलो की दोघी मलाच गप्प करायच्या.

आता गिरणी माझ्याकडे आली. ऑफिसातून आलो की मी दळायला बसायचो. पहिल्याच दिवशी हरभऱ्यावर ज्वारी टाकली. समोरच्या काकूंच्या गव्हात कुणाचं तरी मिरचीचं दळण उतरलं आणि त्यांच्या घरात सगळे पोळी खाताना रडले. आईचा फोन नागपूरहून आला तेव्हा मी नखशिखांत पांढरा होतो.

"येतेस ना उद्या?"

"अरे, रायपूरची बस लगेच होती. हिला तिकडचं काय माहीत नाय."

"तुला माहीत आहे?"

"मला विचारता येतंय की."

रायपुरात त्यांना एक जपानी जोडपं भेटलं, तेही बसनंच फिरत होतं. आईनं धर्मशाळेच्या चुलीवर चौघांना थालीपीठं लावली. जपानी माणूस आईला थालीपीठ थापायचं शिकव म्हणाला आणि त्यानं पहिलंच थालीपीठ स्वतःच्या मांडीवर टाकलं. मग ते चौघं मिळून ओडिशाकडे गेले. कुठल्याशा स्टँडवर एका बंगाली रिटायर्ड मास्तरांशी आईचं भांडण झालं, खिडकीवरून, आणि पुढचे सात तास ते मास्तर तिला डबीतली बडीशेप देत राहिले.

पुरीहून फोन आला तेव्हा नुसता घों घों आवाज येत होता.

"आई, आवाज नीट येत नाही."

"गप ऐक. समुद्र हाय."

मी गिरणी बंद केली आणि ऐकत राहिलो. आईनं समुद्र पाहिला नव्हता हे माझ्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. मग तिकडून पाहुणीची किंकाळी आली आणि आई म्हणाली, "ठेवते. हिची चप्पल गेली पाण्यात."

इकडे अजिंठ्याहून मुलीच्या वडिलांचा फोन आला. "आमच्याकडून होकार हाय. बोलणी करायला विहीणबाईंना कधी वेळ असतो?"

"आई जरा बाहेरगावी गेलीय."

"कुठं?"

"कोलकात्याला."

"दवाखाना हाय का काही?"

"नाही. पाहुणीला सोडायला गेलीय."

त्यांनी ते घरात मोठ्यानं सांगितलं. मग मागून मुलीचा आवाज आला. "बाबा, कोलकाता मागं पडलं. आता सिलिगुडीला आहेत. मला रोज फोन येतो त्यांचा."

मला दोन-तीन दिवसांनी यायचा. मग मीच मुलीला फोन करून आई कुठं आहे ते विचारायला लागलो. आधी नुसतं आईचं, मग इतरही. एकदा विचारलं, होकार कसा दिला? ती म्हणाली, "त्या शर्टात तुम्ही शेवटपर्यंत बसलात. दुसरा असता तर मामावर चिडला असता."

पुढचा फोन नेपाळमधून. "मतदान कार्ड दाखवलं आणि सोडलं की रे!" आई ओरडत होती. "परदेशात हाय मी! आणि बरं का, इथंही बस तशीच लागती लोकांना. एका पोरीला पिशवी धरली मी."

काठमांडूहून पाहुणीला चीनकडे जायचं होतं. तिथं पासपोर्टाशिवाय सोडत नाहीत, हे आईला स्टँडवर चार माणसांनी सांगावं लागलं. तिनं पाहुणीच्या बॅगेत गूळ-शेंगदाणे भरले. ड्रायव्हरला मराठीत बजावलं, बाई एकटी आहे, नीट ने. बस दिसेनाशी होईपर्यंत उभी राहिली. हे सगळं तिनं मला फोनवर सांगितलं. "पार समुद्रापर्यंत सोडायचं होतं रे," ती म्हणाली.

परतीचा सगळा प्रवास तिनं एकटीनं केला, बसनंच. संभाजीनगरात मुकुंदवाडीला उतरली ती उन्हानं काळी पडलेली, सॅकला नेपाळी घंटी बांधलेली, पायात पाहुणीचे बूट. दोन दिवस झोपली. तिसऱ्या दिवशी गिरणी उघडली तेव्हा निम्मी गल्ली डबे घेऊन आली. दळण कुणालाच नको होतं.

"भीती नाय वाटली का हो कुठं?" समोरच्या काकूंनी विचारलं.

"वाटली की," आई म्हणाली. "भुवनेश्वरच्या स्टँडवर. संडास सापडेना आणि बस हॉर्न देत होती."

"मग?"

"मग पाहुणी बससमोर आडवी उभी राहिली. केवढी उंच बाई ती, ड्रायव्हर काय करतोय?" असं म्हणून आईनं मी दळून ठेवलेला एक डबा उचलला, वास घेतला आणि मला विचारलं की ह्या ज्वारीत हरभरा कुणी घातला.