शनिवारची निळी काच

भिमाजी चौदा वर्षं नगरच्या कॉलेजात घंटा बडवणारा शिपाई. १९७१ साली राधाकृष्ण सरांनी त्याला उचलून प्रयोगशाळेतल्या विजेच्या भट्टीवर बसवलं, आणि त्याची मान ताठ झाली.

सरांची काच न्यारीच. वितळताना तिच्यात युरोपियम नावाची चिमूटभर पूड पडायची. निवालेली काच पुन्हा मंद आचेवर तापवून दुधी करायची. मग जांभळ्या दिव्याखाली धरली की ती निखाऱ्यासारखी लाल उजळायची. भिमाजी तिला मनोमन हात जोडायचा.

पण त्या पावसाळ्यात मधूनच एखादी काच निळी उजळू लागली. सरांनी पूड बदलली, काच वितळवायची मूस बदलली, तोलायचा काटा पुसून घेतला. शेवटी वहीतल्या तारखा जुळवून ते म्हणाले,

"भिमाजी, निळी फक्त शनिवारी निघते. शनिवारी वेगळं काय करतोस?"

"काय न्हाई सर. रोजच्यासारखंच."

"मग मला दुसरा माणूस बघावा लागेल. तू परत घंटेवर."

घरी त्यानं बायकोला, लंकाबाईला सांगितलं. तिला नवल वाटलं नाही.

"शनिवारी निळी? त्यात इचारायचं काय! शनिद्येवाचा रंगच त्यो. पावला आसंल."

"पावला तर घंटेवर का धाडतोय?"

लंकाबाई भाकरी थापत राहिली.

पावसाळ्याच्या तोंडाशी साडेसाती लागल्यापासून भिमाजी दर शनिवारी पहिल्या एसटीनं शिंगणापूर गाठायचा. तेल वाहायचा, नारळ फोडायचा, दुपारी भट्टीवर हजर. त्याही शनिवारी त्यानं मूस आत सरकवली, पिशवीतून प्रसादाची करवंटी काढली, आणि ती मुशीशेजारी ठेवताना हात तिथंच थबकला. प्रसादाची करवंटी उकिरड्यावर कशी टाकायची, कुणाचा पाय लागायचा, म्हणून तो ती अग्नीला द्यायचा. त्यात सांगण्यासारखं काय, असंच त्याला आजवर वाटलेलं.

आता सांगावं तर भट्टी जाणार, न सांगावं तरी जाणारच. करवंटी घेऊन तो सरांपुढे उभा राहिला.

"सर, ह्ये एवढं मातर शनिवारचं हाय."

सर करवंटीकडे बघतच राहिले. "अरे, हिचा कोळसा आतला प्राणवायू खाऊन टाकतो! तो नसला की तीच पूड निळी उजळते."

मंगळवारी त्यांनी बाजारातल्या नारळाची करवंटी घातली. काच निळी.

"भट्टी तुझ्याकडेच," सर म्हणाले. "पण करवंटी मी सांगेन तेव्हाच, तोलून."

भट्टी राहिली, डोकं मात्र भणाणलं. तीच पूड, तीच आच, आणि नुसत्या हवेनं रंग फिरतो? बाजारातल्या नारळानंही फिरतो? मग शनिदेवानं यात केलं तरी काय?

पुढच्या शनिवारी करवंटी हातात धरून तो भट्टीपुढे घुटमळला. शेवटी पिशवीत घालून घरी आणली.

"आणा हिकडं," लंकाबाई म्हणाली. "चुलीतला इस्तू काय परका हाय व्हय?"

करवंटी पेटली. भिमाजी चुलीपुढे उकिडवा बसून जाळाचा रंग बघत राहिला. कधी लाल वाटायचा, कधी निळा.

"आवं, ताट वाढलंय!"

"थांब गं जरा," तो म्हणाला. "अजून कळंना."