एझ्रा ट्रेंबाथचं धड

एझ्रा ट्रेंबाथला उभं राहता येत असे. त्यात काय मोठंसं, असं बाहेरचा माणूस म्हणेल. म्हणू दे. जून ते सप्टेंबर आमच्या पोर्थकेरो गावात सत्तरीच्या आतला पुरुष औषधालाही सापडत नसे, सगळे हेरिंग माशांच्या मागे आयर्लंडच्या किनाऱ्याला गेलेले असत. मागे उरायचा तो एकटा एझ्रा. त्याला समुद्र सोसत नसे. बंदरात बांधून ठेवलेल्या बोटीवर पाय टाकला तरी सकाळचं खाल्लेलं बाहेर यायचं. म्हणून तो किनाऱ्यावर बसून इतरांची शिडं शिवायचा आणि गरज पडेल तेव्हा इतरांच्या जागी उभा राहायचा.

गरज पडायची ती फोटोसाठी. आमच्याकडे जूनच्या अखेरीस चॅपलचा, म्हणजे गावच्या प्रार्थनाघराचा, चहापानाचा सोहळा असतो, आणि बायकापोरांना नवे कपडे शिवायचे ते त्याच दिवसासाठी. केशराच्या पावाचा पिवळा डाग पडेपर्यंत ते कपडे नवे. तेव्हा पुढच्या पंधरवड्यात पंच्याहत्तरीच्या सिल्वेनस टोन्किनच्या काचेच्या छपराच्या स्टुडिओत जाऊन कुटुंबाचा फोटो काढायचा आणि ऑस्ट्रेलियात खाणींवर गेलेल्या दिरा-नणंदांना पाठवायचा, ही रीत. हिवाळ्यात काढावा म्हटलं तर त्या स्टुडिओत स्वतःची बायकोसुद्धा आवाजावरून ओळखावी लागे. उन्हाळ्यात उजेड होता, कपडे होते, बायकापोरं होती. नव्हता तो फक्त नवरा.

टोन्किनने यावर तोड काढली होती. मे महिन्यात, बोटी निघायच्या आधीच्या सोमवारी, गावातले सगळे नवरे स्टुडिओबाहेर रांग लावत. एकेक आत जाई, खुर्चीत बसे, टोन्किन मागून मानेला लोखंडी चिमटा लावी आणि नुसत्या डोक्याचा फोटो घेई. गावात त्या दिवसाचं नावच मुंडक्यांचा सोमवार. "मुंडकं देऊन आलात ना? मग बसा जेवायला," असं बायका दारातच विचारत, आणि यात कुणाला काही वावगं वाटत नसे.

मग जुलैत बायको पोरांना घेऊन यायची, हातावर नवऱ्याचा रविवारचा कोट. तो कोट एझ्रा अंगात घालायचा. नवरा जाडा असला तर आत शिडाचं कापड कोंबायचं, बारका असला तर पाठीची शिवण उसवायची. मग खुर्चीत बसलेल्या बाईच्या मागे उभं राहायचं आणि टोन्किन सहा आकडे म्हणेपर्यंत हलायचं नाही. पोरं हलत, कुत्री हलत, एकदा तर पाठीमागचा रंगवलेला राजवाडा हलून पडला. एझ्रा हलला नाही. एका वर्षी गांधीलमाशी त्याच्या नाकावरून चालत कॉलरवर उतरली, तरी हा खांब. त्या फोटोत सॅम्युअल कर्नोच्या कॉलरवर अजून ती माशी आहे, आणि ऑस्ट्रेलियातल्या नातेवाइकांना ती सोन्याची पिन वाटते.

फोटो छापून आला की तो लव्हडे पेंगेलीकडे जायचा. स्टुडिओला लागून एक लहानशी खोली होती. तिचं दार उजेडासाठी सदा उघडं, आणि दाराशीच टेबल टाकून लव्हडे बसलेली. बारीक चाकूने ती फोटोतलं एझ्राचं डोकं कापायची, त्या जागी मे महिन्यातलं योग्य डोकं चिकटवायची, कॉलरपाशी ब्रशने सांधा मिटवायची, आणि मग टोन्किन त्या सगळ्याचा पुन्हा फोटो घ्यायचा. झालं कुटुंब पूर्ण. अकरा वर्षांत तिची चूक एकदाच झाली. पेनरोझच्या धडावर तिने हॉस्किंगचं डोकं बसवलं आणि फोटो टपालात पडला. चार महिन्यांनी ॲडलेडहून पेनरोझच्या सख्ख्या भावाचं पत्र आलं: दादाची तब्येत सुधारलेली पाहून आनंद झाला.

तर अकरा वर्षं ही बाई दर उन्हाळ्यात एझ्राचं डोकं कापत होती, आणि एझ्राचं तिच्यावर प्रेम होतं. हे मी सरळ सांगतो, कारण त्याने स्वतः ते कधी सांगितलं नाही. तो त्रेचाळीस वर्षांचा, ती एकोणचाळीसची. दोघांनाही मागेपुढे कुणी नाही. काम संपलं की तो तिच्या दाराशी जायचा आणि म्हणायचा, "आज उजेड बरा आहे." ती मान वर न करता म्हणायची, "हो." एवढ्यावर त्याचा आठवडा निघे. एकदा तो "आज उजेड फार बरा आहे" असं म्हणून गेला आणि मग पुढचे चार दिवस तोंड लपवत फिरला.

हे असंच चाललं असतं. पण त्या वर्षी टोन्किन प्लिमथला जाऊन आला आणि येताना नवी फॅशन घेऊन आला. नवऱ्याने हात खुर्चीच्या पाठीमागे ठेवायचा नाही, बायकोच्या खांद्यावर ठेवायचा. मोठ्या गावातली माणसं आता असाच फोटो काढतात, म्हणाला. बायकांनी एकमेकींकडे पाहिलं आणि ठेवा म्हणाल्या. एझ्राने ठेवला. तो हात जिवंत माणसाचा आहे हे त्याच्या स्वतःच्याही ध्यानात आलं नाही. त्याच्या लेखी तो हॉस्किंगचा हात होता, मग कर्नोचा, मग पेनरोझचा.

आता दुर्दैव असं, की त्या हाताची करंगळी अर्धीच होती. लहानपणी चॅपलच्या दारात चेमटलेली. आणि दुसरं दुर्दैव असं, की त्या वर्षी हेरिंग उशिरापर्यंत मिळत राहिलं, बोटी परतेनात, म्हणून बायकांनी हौसेने एकेक प्रत आयर्लंडला धाडली. तिथे सात नवरे एकाच घरात उतरले होते. सातही पाकिटं एकाच टपालाने आली. सातही फोटो एकाच जेवणाच्या टेबलावर शेजारी शेजारी मांडले गेले. सात बायका, सात खांदे, आणि सातही खांद्यांवर एकच अर्धी करंगळी.

धड एझ्राचं असतं हे सगळ्यांना ठाऊक होतं. धडाबद्दल कुणाची तक्रार नव्हती. पण हात म्हणजे हात. सात बोटी जाळ्यातलं हेरिंग तसंच टाकून घरी निघाल्या.

गुरुवारी चॅपलमध्ये सभा भरली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. एझ्राला पुढे उभं केलं आणि थोरल्या पेनरोझबाबांनी, म्हणजे चॅपलच्या मुख्य पंचांनी, सगळ्यांना दिसेल असा त्याचा हात वर धरायला लावला. एझ्राने धरला आणि सभा संपेपर्यंत तसाच ठेवला, खाली घे म्हणायचं कुणाला सुचलं नाही.

"हा हात माझ्या बायकोच्या खांद्यावर होता," हॅनिबल हॉस्किंग म्हणाला.

"पण डोकं तुझंच होतं की," टोन्किन म्हणाला. "डोकं सांगेल तेच हात करणार. म्हणजे कायद्याने हात तुझाच."

"माझं डोकं तेव्हा आयर्लंडला होतं."

"एक डोकं आयर्लंडला. दुसरं माझ्या कपाटात."

यावर हॅनिबलने बराच विचार केला आणि आपल्याला दोन डोकी आहेत या गोष्टीने तो आणखीच भडकला. तेवढ्यात मागच्या बाकावरून त्याची बायको टेंपरन्स उठली. ती सभेत सहसा बोलत नसे.

"तो हात माझ्या खांद्यावर सहा आकडे होईपर्यंत होता," ती म्हणाली. "तुमचा शेवटचा कधी होता ते आठवून सांगा. मी थांबते."

ती खरंच थांबली. हॅनिबल छताकडे बघत राहिला. बाकीच्या सहा नवऱ्यांनी टोप्यांच्या आत काही लिहिलंय का ते तपासलं. शेवटी पेनरोझबाबांनी घसा साफ करून निवाडा दिला. ते म्हणाले, दोष हाताचा नाही, हात बिनलग्नाचा आहे याचा आहे. लग्न झालेल्या माणसाचा हात कुठेही ठेवला तरी लाकडाच्या मुठीपेक्षा त्यात जास्त काही नसतं, हे इथे बसलेल्या सगळ्यांना माहीत आहे. सगळ्यांनी माना डोलावल्या. तेव्हा एझ्राने लग्न ठरवावं आणि उद्या शुक्रवारी पाच वाजता पंच बसतील तेव्हा होणारी बायको आणून दाखवावी. नाहीतर त्याने स्टुडिओत पाऊल टाकायचं नाही. टोन्किनने पेन्झन्सहून एखादं लग्न झालेलं धड आणावं.

एझ्राच्या पायाखालची जमीन सरकली. शिडं होती, पोटापाण्याची चिंता नव्हती. पण स्टुडिओत जायचं नाही म्हणजे त्या उघड्या दारासमोर उभं राहायचं नाही, उजेड बरा आहे असं कुणाला सांगायचं नाही. उरलेलं आयुष्य मग कशासाठी काढायचं ते त्याला सुचेना. गावाला मात्र बरंच काही सुचलं. शुक्रवारी सकाळपासून तीन जणींनी त्याला विधवा ग्रेनफेलबाईचं घर दाखवलं. तिला ऐकू येत नाही, आणि याला बोलता येत नाही, मग अडतंय कुठे, असा हिशेब.

दुपार उलटून गेल्यावर एझ्रा स्टुडिओत गेला. टोन्किन चॅपलकडे पंचांची मनधरणी करायला गेला होता. लव्हडे आपल्या टेबलाशी बसून डोकी कापत होती. पंच काहीही ठरवोत, घेतलेली कामं पुरी करायला हवी होती.

"आज उजेड बरा आहे," एझ्रा म्हणाला.

"बाहेर धुकं आहे. टोन्किनने दोन दिवे लावून ठेवलेत," लव्हडे म्हणाली. "एवढंच सांगायला आलात?"

"पंचांनी मला लग्न करायला सांगितलंय."

"ठाऊक आहे. ग्रेनफेलबाईने पडदे धुवून वाळत घातलेत."

"मी तिला विचारणार नाही."

"मग कुणाला?"

इथे एझ्राने काही बोलायला हवं होतं. तो उभा राहिला. त्याला जे येत होतं तेच त्याने केलं. सहा आकडे झाले, साठ झाले, लव्हडेने एका डोक्याची कडा कापून पुरी केली.

"हललात तरी चालेल," ती म्हणाली. "कॅमेऱ्यात प्लेट नाहीये."

तो हलला नाही. मग तिने चाकू बाजूला ठेवला आणि टेबलावरची कापलेली डोकी बोटाने त्याच्याकडे सरकवली. नखाएवढी सहा डोकी, सगळी एझ्राची.

"ही या वर्षीची उरलेली. अकरा वर्षांत दीडशेच्या वर कापली मी. टोन्किन दर वेळी सांगतो, समोर बघा. तान्ही पोरं समोर बघतात. तुम्ही एकदा समोर बघितलं नाहीत. बघा ना, सगळी या दाराकडे. तुमचं डोकं जायचंच असतं म्हणून तो काही बोलत नाही. पण मला तर तेवढंच बघावं लागतं."

एझ्राचे कान लाल झाले.

"पहिल्या वर्षी मला वाटलं, माझ्याकडे बघताय," लव्हडे म्हणाली. तिचा आवाज नेहमीसारखाच कोरडा होता, हात मात्र टेबलावरून तिने मांडीवर घेतले होते. "आठवडाभर केस नीट बांधून आले मी. मग एकदा कुणी नसताना तुमच्या जागेवर जाऊन उभी राहिले. तिथून हे दार दिसतं, आणि दाराच्या वर ते घड्याळ. तेव्हा उलगडा झाला. माणसाला घरी जायची घाई असते. मग मी केस पुन्हा कसेही बांधायला लागले."

तिने मान वर करून त्याच्याकडे पाहिलं.

"आता पाचला तुमचा काय तो निकाल लागेल, परत याल न याल. तर एकदा सांगून टाका. घड्याळ की मी? घड्याळ असेल तरी मी रागावणार नाही."

त्याच्या कपाळावर घाम आला. बोटीवर पाय टाकल्यावर यायचा तसा.

"मला घड्याळ कळत नाही," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"काटे दिसतात. पुढचं कळत नाही. पोरपणी शिकायचं राहून गेलं, मग मोठेपणी विचारायची लाज वाटली. चॅपलची घंटा ऐकून चालतो मी. टोन्किनला माहीत नाही. कुणालाच माहीत नाही."

"अकरा वर्षं तुम्ही ज्याच्याकडे बघताय असं मला वाटत होतं, ते तुम्हाला वाचताच येत नाही?"

"नाही."

लव्हडे उठली. ती दारातून बाहेर स्टुडिओत आली आणि घड्याळाच्या बरोब्बर खाली, त्याच्याकडे तोंड करून उभी राहिली.

"किती वाजलेत?" तिने विचारलं.

एझ्राने तिच्याकडे बघितलं. डोळे तसूभरही वर गेले नाहीत.

"माहीत नाही," तो म्हणाला.

"पावणेपाच," लव्हडे म्हणाली, आणि तिने खुंटीवरची टोपी काढून डोक्यावर बांधली. "पाचला ते बसणार आहेत. चल."