वरती नाव वसंताचं

आमच्या धंद्यात छापलेलं सगळं रद्दीवाला घेऊन जातो. न छापलेलं मात्र घरातच साठत राहतं, आणि ते कुणी किलोवर घेत नाही! म्हणून म्हटलं, आज थोडं बाहेर काढावं. बसा, चहा सांगितलाय.

पेडण्याच्या बाजारात माझं पेपर आणि स्टेशनरीचं दुकान. म्हापशाच्या बसेस सुटतात तिथून हाकेच्या अंतरावर. दुकान सांभाळून मी एका दैनिकाचा तालुका वार्ताहर. तुयेचा प्रकाश दुसऱ्या दैनिकाचा. तो औद्योगिक वसाहतीत शिफ्ट करतो आणि उरलेल्या वेळात बातम्या. आणि तिसऱ्या दैनिकाचा वसंत. आमच्यात वयाने वडील, लिहिण्यात नेटका आणि तोंडाने फटकळ.

वसंताच्या पेपरात बातमीच्या माथ्यावर वार्ताहराचं नाव छापायची पद्धत. आमच्या दोघांच्या पेपरात नुसतं 'वार्ताहर'. त्यावरून तो आम्हाला कायम डिवचायचा. "तुमी लिवतास ता देवाक ठावक, मी लिवतंय ता सगळ्या तालुक्याक!"

*

गोरा माणूस म्हटला की तो हरमलच्या किनाऱ्यावर असायचा. कॉलिनबाब मात्र पेडण्यात भाड्याने राहिला, शेताच्या कडेला. रोज सकाळी माझ्या दुकानातून मराठी-इंग्रजी सगळे पेपर उचलायचा. मराठी तो मथळे वाचत वाचत शिकला, त्यामुळे बोलायचाही मथळ्यासारखा. "कॉलिन आला! चहाची मागणी!"

एकदा प्रकाशने त्याला विचारलं, "लंडनात काम काय करी होतंस?"

"पेपरांच्या बातम्या."

"मगे आमी काय करतो?"

"नाही. पेपरांविषयी बातम्या. कोणता विकला, कोणता बंद पडला, संपादक का गेला, कोणी खोटं छापलं." शिवाय दर आठवड्याला त्याचा एक कोपरा असायचा, देशभरच्या पेपरांतल्या चुकांचा. लोक म्हणे तो कोपरा आधी वाचायचे, बाकीचा पेपर मागाहून.

प्रकाशने हातातला ग्लास खाली ठेवला. "मेलो! चोरांच्या वाड्यावर पोलीस रवाक इलो!"

*

प्रकाश उगाच घाबरला नव्हता. आमची पद्धत अशी, की कार्यक्रमाला एकाने जायचं आणि बातमी तिघांनी द्यायची. पेट्रोल वाचतं, आणि भाषणं ऐकायची शिक्षा वाटून घेता येते.

तुयेला शाळेचं स्नेहसंमेलन होतं. पाळी वसंताची. निमंत्रणपत्रिकेत सरपंच अध्यक्ष होते, म्हणून बातमीतही सरपंचांनी अध्यक्षस्थानावरून विद्यार्थ्यांना मोलाचं मार्गदर्शन केलं. सरपंच त्या दिवशी घरी तापाने फणफणले होते!

सकाळी कॉलिनबाबने तिन्ही पेपर माझ्या मेजावर ओळीने मांडले. "तीन पेपर. तीन वार्ताहर. एकच चूक! कसं काय?"

वसंताने शांतपणे उंडो पाव फोडून भाजीत बुडवला आणि म्हणाला, "एकान छापली तर ती चूक, बाबा. तिघांनी छापली काय ती म्हायती!"

कॉलिनबाब इतका हसला की चहा सांडला. लंडनातल्या बड्या बड्या संपादकांना हे इतक्या थोडक्यात सांगता आलं नव्हतं, म्हणाला.

*

पुढे डिचोलीचा वार्ताहर सोडून गेला आणि वसंताच्या पेपरने तो तालुकाही त्याच्याच गळ्यात मारला. मयेला तळ्याच्या काठी कसलासा पर्यटनाचा कार्यक्रम होता. वसंत जाताना कॉलिनबाबला मोटरसायकलवर मागे घेऊन गेला.

आयोजकांचे खरे पाहुणे आलेच नाहीत. त्यांनी गर्दीत गोरा माणूस बघितला आणि धरून थेट स्टेजवर नेला. शाल, श्रीफळ, टाळ्या! सूत्रसंचालक म्हणाला, "खास आपल्या तळ्यासाठी इंग्लंडहून आलेले..."

परतताना कॉलिनबाब हवालदिल. पत्रकाराने स्वतः बातमीत यायचं नाही हा त्याचा जन्मभराचा नियम. "वसंत, माझं नाव नको. कृपया नको."

वसंताने शब्द पाळला. दुसऱ्या दिवशी पेपरात होतं, "प्रमुख पाहुण्यांनी नाव न छापण्याच्या अटीवर शाल स्वीकारली."

*

तो नियम त्याने एकदाच मोडला होता, आणि ती गोष्टही आम्हाला एकदाच सांगितली.

त्याच्याच पेपरात माणसं कमी करायची ठरलं. कुणाकुणाला काढणार हे दाबून ठेवलं होतं. दुसऱ्यांच्या पेपरांत असं घडलं की याच माणसाने आजवर चव्हाट्यावर मांडलेलं. आता आपल्या घरचं कसं झाकायचं? त्याने चौकशी केली, बातमी काढली. जाणाऱ्यांत त्याचंही नाव निघालं.

"मग?" मी विचारलं.

"लिहिली. आणि दिली."

"स्वतःच्या नोकरीची?"

"माझं क्षेत्र. दुसरा कोण लिहिणार?"

प्रकाशला राहवेना. "आणि वर नाव कोणाचां होतां?"

"माझं," कॉलिनबाब म्हणाला. "खाली बातमीत पण माझं." त्या दिवशी आम्ही कुणी त्याची थट्टा केली नाही.

*

मग वसंताला अर्धांगवायू झाला. उजवा हात गेला, जीभ जड झाली. बांबोळीच्या इस्पितळातून त्याला घरी आणलं, वारा-उजेड यावा म्हणून जनेलाशेजारी खाट घातली. पेपरला आम्ही एवढंच कळवलं, की थोडं बरं नाही. डेस्कवरून निरोप आला, बातम्या येत नसतील तर दुसरा माणूस बघतो.

वसंताची बायको, सुनंदा वहिनी, माझ्या दुकानात आल्या. त्या बाजारात यायच्या पण दुकानात कधी बसल्या नव्हत्या. त्या दिवशी बसल्या. "भाऊ, ते सकाळी पेपर उघडूक लावतत. डाव्या हाताच्या बोटान आपला नाव सोदतत. मिळाला नाय तर पेज तोंडात घेत नाय. त्यांचा नाव तेवढा बंद पडूक देव नका."

त्यांनी वसंताचा ईमेल माझ्या फोनवर चालू करून दिला. त्या दिवसापासून मी आणि प्रकाश आलटून पालटून वसंत झालो. आपली बातमी पाठवायची, मग तीच जरा फिरवून, वसंताच्या वळणाने, वसंताच्या नावाने. सकाळी वहिनींचा फोन यायचा, "पेज घेतली हां." बस्स, दिवस चांगला जायचा.

पण हे कॉलिनबाबच्या नजरेतून सुटणार थोडंच? तो रोज वसंताच्या खाटेशी बसून यायचा. ज्याला पाणी पाजावं लागतं तो माणूस डिचोली आणि पेडण्याच्या बातम्या देतोय! एक दिवस वसंताचा पेपर हातात घेऊन आला आणि विचारलं, "हे कोण लिहितं?"

प्रकाश भडकलाच. "आमी लिवतो! लंडनाक कळवचा आसात तर कळव! आमची दोघांची नावां ठळक घाल. पण त्येचा नाव गेला तर तो मरतलो, ह्या पण लिव!"

कॉलिनबाब पेपरची घडी करून निघून गेला. दुसऱ्या दिवशी पेपर न्यायला आला नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. अशा खोट्या नावांची प्रकरणं उघडी पाडण्यातच त्याचा जन्म गेलेला. त्याला थांबवायला आम्ही कोण?

आला तेव्हा उन्हाने लालबुंद झालेला. फोन पुढे केला. इंग्रजीत बातमी होती. तुयेच्या वसाहतीत कामगार बस पकडतात तिथे छप्पर नाही, बायका डोक्यावर डबे धरून उभ्या असतात. चार कामगार बायकांची नावं, त्यांची गावं, त्या काय म्हणाल्या ते सगळं. स्वतः जाऊन उभा राहिला होता.

"मराठी करा," म्हणाला. "आज वसंताची पाळी माझी."

बातमी पहिल्या पानावर आली. त्याच सकाळी डेस्कवरून वहिनींना फोन, "वसंतरावांना सांगा, आजारपणात लिखाण खूप सुधारलंय!"

वहिनींनी घाबरत घाबरत निरोप सांगितला. वसंत अर्ध्या तोंडाने, एकेक शब्द ओढत म्हणाला, "आदी... वायट... होता काय?" आणि हसला. आजारानंतर तो हसलेला आम्ही पहिल्यांदा बघितला. प्रकाश बाहेर जाऊन रडला.

*

काजूच्या दिवसांत वसंत गेला. सकाळी पेपर बघितला, पेज घेतली, आणि गेला.

स्मशानातून आल्यावर बातमी द्यायची होती. हात चालत नव्हते. प्रकाशने कसंबसं लिहिलं, नेहमीच्या चालीत. ज्येष्ठ पत्रकार, दीर्घ आजार, मनमिळाऊ स्वभाव, पश्चात पत्नी असा परिवार. त्याच्या पेपरला त्याने पाठवली, माझ्या पेपरला मी. आणि मग रोजच्यासारखी तिसरी. वसंताच्या ईमेलवरून, वसंताच्या पेपरला. बोटांना सवय झाली होती हो! आणि डेस्कवर कुणीतरी तेवढ्याच सवयीने लावली.

सकाळी दुकानात गठ्ठा सोडला आणि वसंताचा पेपर उघडला. फोटो वसंताचा. मथळा, ज्येष्ठ पत्रकार वसंत यांचे निधन. आणि बातमीच्या माथ्यावर, ठळक अक्षरात, वार्ताहर म्हणून नाव वसंताचं!

आम्ही धावत त्याच्या घरी गेलो. वाटलं, वहिनींच्या हातात पडायच्या आधी तो पेपर काढून घ्यावा. पण कॉलिनबाब आमच्या आधी पोचला होता. जनेलाशेजारच्या रिकाम्या खाटेसमोर कदेल ओढून त्यावर बसला होता. मांडीवर तोच पेपर. शेजारी वहिनी.

प्रकाशने दारातच हात जोडले. "कॉलिनबाब, पायां पडतंय तुझ्या. चूक आमची. ही तेवढी तुझ्या त्या जुन्या, चुकांच्या कोपऱ्यात धाडू नको."

कॉलिनबाबने चष्मा चढवला. वरच्या नावापासून खालच्या परिवारापर्यंत बातमी सावकाश वाचली. मग पान वहिनींच्या पुढे धरलं. वहिनींनी त्या नावावर बोट ठेवलं, डाव्या हाताचं.

कॉलिनबाब आमच्याकडे वळला.

"ह्यात चूक खंय आसा?"