खुर्चीवरची पूजा

खुब्याचं ऑपरेशन करावं की नाही, हे मी माहूरच्या रेणुकामाईला विचारलं होतं. तिनं दिलेलं उत्तर मी पाळलं नाही. निदान त्या वेळी मला तसंच वाटत होतं.

भूकंपात निलंग्याजवळच्या आमच्या घराची भिंत कोसळली, तिच्याखाली माझा उजवा खुबा दुखावला. जीव वाचला तो रेणुकामाईमुळे, असं मी सगळ्यांना सांगत आले. पण पुढं सांधा झिजत गेला. शाळेत फळ्यापुढं उभं राहणंही होईना. माझा मुलगा लातूरला क्लासमध्ये गणित शिकवायचा. त्यानं तिथल्या डॉक्टरांना दाखवलं. ते म्हणाले, खुबा बदलला की चालता येईल, पण खाली मांडी घालून बसायचं नाही, कधीच.

त्या 'कधीच'पाशी मी अडले. दुखत असतानाही रोज सकाळी मी कशीबशी देव्हाऱ्यापुढं जमिनीवर बसत होते. वाचवलं तिनंच, मग तिच्यासमोरची जागा का काढून घेते? काही कळेना. शेवटी देवीपुढं दोन चिठ्ठ्या टाकल्या. उचलली ती 'नको'ची निघाली. पण पाय असा ठणकत होता की मी पुन्हा घड्या घातल्या, पुन्हा टाकल्या. या खेपेला 'हो' आली. चिठ्ठ्यांचं कुणाला काही न सांगता मी लातूरला जाऊन ऑपरेशनच्या कागदावर सही केली.

ऑपरेशन नीट झालं. दुसऱ्या दिवशी ताप चढला. डॉक्टर म्हणाले, येतो असा, उतरेल. माझ्या मनानं मात्र घेतलं की ही शिक्षाच. देवीचं नाव घ्यायलाही तोंड होईना. ताप उतरल्यावर वॉकर आणला, नर्सनं उभं केलं, पण पाय पुढं पडेना. दोन दिवस तेच. मुलगा म्हणाला, "आई, तू ठरवलंयस का न चालायचं?"

शेजारच्या खाटेवर लातूरच्याच एक शिवणकाम करणाऱ्या बाई होत्या. त्यांचंही खुब्याचंच ऑपरेशन, माझ्याआधी चार दिवस झालेलं. सगळे त्यांना खाला, म्हणजे मावशी, म्हणत. दुपारी त्या उंच खुर्चीवर बसून नमाज पढत, नुसती मान झुकवून. एकदा मी न राहवून विचारलं, "खाला, खुर्चीवरची चालते का?"

"चालते की बाई. खाली टेकता येत न्हाई, हे त्याला ठाऊक हाय."

का कोण जाणे, मी त्यांना चिठ्ठ्यांचं सगळं सांगून टाकलं. मुलाला जे सांगितलं नव्हतं ते परक्या बाईला. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "तुमच्या देवीचं मला काय कळणार? पण एवढं दुखत होतं म्हणून पुन्हा विचारलं. आई अशानं रागावती व्हय?"

संध्याकाळी नर्स पुन्हा वॉकर घेऊन आली. मी उभी राहिले आणि तशीच थिजले. तेवढ्यात खाला आपला वॉकर सरकवत आल्या आणि चार पावलांवर माझ्यासमोर उभ्या राहिल्या. त्यांच्याही कपाळाला घाम होता. "पायाकडं नको, माझ्याकडं बघा," म्हणाल्या. मी बघितलं. पाय उचलला. कसा उचलला ते आजही सांगता येणार नाही. त्या एकेक पाऊल मागं सरकत गेल्या, नर्स त्यांना धरून, मुलगा मला धरून. दारापर्यंत पोचलो तेव्हा मी रडत होते, आणि तोंडात माईचं नाव होतं. ते कधी आलं, कळलंच नाही.

ते देवीनं घडवलं की एका भल्या बाईनं, यावर मी पुष्कळ विचार केला. उत्तर सापडलं नाही. घरी आल्यावर मुलानं देव्हारा टेबलावर मांडून दिला आणि पुढं खुर्ची ठेवली. पहिल्या सकाळी मला फार अवघडल्यासारखं झालं. हात जोडले, पण काय मागावं तेच सुचेना. मग काही मागितलंच नाही. खालांचं भलं कर, एवढं म्हणाले आणि बराच वेळ नुसती बसून राहिले. मनातला गोंधळ गेला नव्हता, पण तो घेऊनही तिच्यापुढं बसता येतं, हे त्या दिवशी उमगलं.