परत बोला, भावजी

न्हावऱ्याच्या कौसल्याबाई शेळके कुणाशी भांडल्याचं मला आठवत नाही. त्यांना गरजच पडत नसे. समोरचा काही वावगं बोलला की त्या कमरेवर हात ठेवून, अगदी गोड आवाजात म्हणत, "परत बोला." एवढंच. आपण परत बोलायला जातो आणि आपलंच वाक्य आपल्याला खायला उठतं. बाकीचे लोक चारचौघांत परत बोलले असतील. मी लाऊडस्पीकरवर बोललोय.

पोटासाठी मी दौंडला रेल्वेत कारकुनी करतो आणि हौसेसाठी शिरूर तालुक्यातल्या यात्रांत बैलगाडा शर्यतींचं निवेदन करतो. घाटात, म्हणजे गाडे पळवायच्या त्या चढावर, गाडा आला की मालकाचं नाव मी असं पुकारतो की त्या माणसाला आपण अख्खा तालुका विकत घेतल्यासारखं वाटावं. गळा देवानं दिलाय. मेंदू देताना त्याचं लक्ष नसावं.

यात्रेआधी गाड्यांची माहिती घ्यायला मी कौसल्याबाईंच्या, म्हणजे आक्कांच्या, गोठ्यावर गेलो, तीच आमची पहिली भेट. आक्का शेण काढत होत्या.

"मालक आहेत का घरात?"

"बोला की."

"तसं नव्हे, गाड्याचे मालक…"

"परत बोला."

मी गडबडलो. विषय बदलावा म्हणून जाणकाराच्या थाटात शेजारच्या बैलाच्या पाठीवर थाप मारली. त्यानं नुसतं अंग झटकलं आणि मी, कोऱ्या पांढऱ्या सदऱ्यासकट, आक्कांनी आत्ताच गोळा केलेल्या शेणात. आक्का शांतपणे म्हणाल्या, "ह्यो बादल. आता मालक कोन ते तुमी त्यालाच इचारा."

बादलची आई त्याला जन्म देऊन गेली. आक्कांनी त्याला बाटलीनं दूध पाजलं, पहाटे कालव्याच्या कडेनं पळवलं, थंडीत स्वतःची गोधडी त्याच्या अंगावर टाकली. यजमान नामदेवराव कंपनीत कामाला. माणूस देवासारखा, पण बादलनं मान हलवली की ते गोठ्याबाहेर. "मी शिफ्टवरनं येतो तवा त्यो झोपल्याला आसतो," ते मला समजावून सांगत होते, "आन् जागा झाला की मीच पळतो."

मी नळाखाली सदरा धूत असताना आक्का म्हणाल्या, "भावजी, येक सांगते. मला आईनं वाढवली, नाव बापाचं लागलं. पोरं मी वाढवली, नाव ह्यांचं लागलं. रीतच हाय, त्याचं काय न्हाई. पन ह्या वासराला तरी माझं नाव लागू द्या. पयल्यांदा घाटात पळंल तवा माझं नाव पुकारा."

"पुकारतो की!" मी ओल्या सदऱ्यानिशी छाती फुगवून म्हणालो.

यात्रेच्या दिवशी ऊन तापलेलं, घाट माणसांनी भरलेला. बायका नेहमीसारख्या लांब बांधावर. न्हावऱ्याचा गाडा चढाच्या पायथ्याशी आला आणि माझा गळा माझ्या मेंदूला न विचारता गरजला, "न्हावऱ्याचे सुप्रसिद्ध गाडामालक, श्री. नामदेवराव शेळके!"

खालून आवाज आला, "परत बोला, भावजी."

आक्का बादलचा कासरा धरून उभ्या. बाकीचे बैल जुंपलेले, बादल मोकळा. नाव बरोबर आल्याशिवाय जू मानेवर चढणार नव्हतं आणि वेळेत जुंपलं नाही तर कमिटी गाडा बाद करते. एवढ्या वर्षांची मेहनत जागेवर विरली असती. त्या मात्र माझ्याकडे बघत होत्या, दौंडच्या फलाटावर उशिरा येणाऱ्या गाडीकडे बघावं तशा. उशिरा येईल, पण येईल.

कमिटीचे आबा धावत मंचावर आले. "आरं, घाटात बाईचं नाव कवा पुकारलंय का? पायंडा पडंल! उद्या समद्या बाया उठतील! गाडा बाद कर."

"आबा, बैल त्यांनीच वाढवलाय. नामदेवराव तर त्याला भितात."

"भिवू दे! बाईनं राबावं, नाव बाप्याचंच ऱ्हानार!"

घाट एकाएकी चिडीचूप झाला. का, ते मला जरा उशिरानं कळलं. माईक बंद करायचा असतो, हे मी सोळा आणे विसरलो होतो. आबांचं वाक्य अख्ख्या माळावर घुमून आलं होतं.

बांधावरून एक बाई ओरडली, "परत बोला, आबा!" मग दुसरी. मग सगळा बांधच. आबांची सून त्यांत पुढं होती. आबांनी उपरणं तोंडावर ओढलं आणि मला म्हणाले, "पुकार बाबा काय पुकारायचं ते. मला घरी जेवायचंय."

गर्दीतून नामदेवराव ओरडले, "पुकारा की! माझं भ्या समद्या तालुक्याला कळलंच हाय आता!"

"न्हावऱ्याच्या सौभाग्यवती…" मी सुरू केलं.

"सौभाग्याचं राहू द्या. मी गाडा पळवाया आल्येय, वटी भराया न्हाई."

"गाडामालक कौसल्याबाई शेळके!"

कासरा सुटला. बादल जुवाखाली आला, निशाण पडलं आणि गाडा चढ असा चढला की मी पुढचं निवेदनच विसरलो. पहिला नंबर थोडक्यात हुकला. मी सांत्वनाला गेलो, तर आक्का बादलचं तोंड पदरानं पुसत होत्या. "नंबराचं पुढल्या यात्रंला बघू. नाव तर पळालं."

पुढं त्या दौंडच्या बाजाराला आल्या की आमच्याकडे चहाला थांबू लागल्या. पुण्यात शिकणाऱ्या माझ्या लेकीनं एकदा त्यांना विचारलं, "आक्का, तुमच्या मते स्त्रीवाद म्हणजे काय?"

"आधी तू सांग बाई. तुला काय पायजे?"

लेक म्हणाली, "होस्टेलवर उशिरा आले, तर कुठं होतीस असं मुलांना विचारत नाहीत, तसं मलाही विचारू नये."

"मंजी तुला तुझा येळ पायजे, मला नाव पायजे हुतं. ज्याचं त्याला मिळावं. आन् काय?"

माझ्यातला निवेदक जागा झाला. म्हटलं, "आमच्या घरात तर सगळं आधीपासूनच आहे. हिच्या आईला मी कधी काही कमी पडू दिलेलं नाही."

माझी बायको गाळणं हातात घेऊन स्वयंपाकघराच्या दारात आली. दर रविवारी मी घाटात असतो आणि ती घरात, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. आक्कांनी बशी खाली ठेवली. पण त्यांना बोलावंच लागलं नाही.

"परत बोला," बायको म्हणाली.