टाचेनं माती बघणारा

ग्वाल्हेरच्या आम्हा मराठी लोकांना एक खोड आहे. चारचौघांत कुणाबद्दल वाईट बोलायचं असलं, की आम्ही बिनधास्त मराठीत बोलतो.

रविवारी मोटोक्रॉसच्या, म्हणजे मातीतल्या बाइक शर्यतीच्या, मैदानावर तो आमच्या शेजारीच गाडी लावून उभा होता. मिशा पिकलेल्या, पण शर्यतीत उतरणारा. सारखा ट्रॅकवर जायचा, टाच रुतवून बघायचा, माती बोटांत चोळायचा. माझे टायर बघून आपणहून म्हणाला, "भैया, मिट्टी ऊपर से सूखी है, अंदर गीली. दूर-दूर गुटके वाले टायर डालो. इनमें कीचड़ भर जाएगा."

मी गाडीचं काम बघणाऱ्या माझ्या दादाला म्हणालो, "ऐकू नकोस. लबाड आहे म्हातारा, आपल्याला पाडायला बघतोय."

तो नुसता बुटाची माती झाडत राहिला. आम्ही दाट गुटक्यांचेच, म्हणजे जवळजवळ रबरी उंचवटे असलेलेच, टायर ठेवले.

दुसऱ्याच वळणावर त्यांत चिखल भरला आणि मी गाडीखाली गेलो. मागून येणारा तो शर्यत सोडून थांबला. वाकून स्वच्छ मराठीत म्हणाला, "आधी पाय काढून घ्या. गाडी मी धरलीय."

मला वर बघवेना. हेल्मेटच्या आतूनच पुटपुटलो, "थैंक्यू, भैया."

मराठी तोंडून निघालीच नाही.